डाव्या हाताच्या लाटा

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली, तेव्हा बाबांना माझ्यापेक्षा पेटीची काळजी जास्त होती. ते भजनाला पेटी वाजवायचे, मलाही त्यांनीच शिकवली. "पेटी बंद ठेवली तं भाता खराब होते. मी रोज वाजवत जाईन. तू बी तिकडं हात बंद नको ठेवू," एवढंच म्हणाले. रडायचं काम आईकडे होतं, ते तिनं चोख केलं.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी स्कॉटलंडमधल्या किनाऱ्यावरच्या गावात आले. भाड्याच्या घरात कुणीतरी सोडून गेलेला जुना पियानो होता. त्याच्या स्टुलाच्या पोटात नोटेशनची पिवळी पडलेली पुस्तकं सापडली, आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर समुद्र. कुठं गलबत, कुठं दीपगृह, कुठं वादळ. पूर्वी म्हणे इथं संध्याकाळी घरोघरी माणसं पियानोभोवती जमून हेच वाजवायची, आमच्या बैठकीत भजनाला जमायची तशी.

मी त्या काळ्या ठिपक्यांखाली पेन्सिलनं सा रे ग म लिहिलं आणि व्हिडिओ बघत शिकले. उजवा हात लगेच बसला. डावा मात्र भाता शोधत मागे जायचा. पियानोला भाता नसतो हे त्याला पटेचना. आणि या संगीतात चाल उजव्या हातात असते, समुद्र डाव्या. खालच्या पट्ट्यांवर लाटा येत-जात राहतात.

बाबांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे खडकपूर्णेचं धरण. पण व्हिडिओ कॉलवर डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चाल पेटीवर बसवून मलाच ऐकवली. वर मी घाई करते, ही चूकही काढली.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मी रजा काढून जाऊन आले. उजवा हात शाबूत होता, पण भाता ओढायचा हात गेला. मी ओढते, असं आई म्हणाली, तर ते भिंतीकडे तोंड करून निजले. मी निघाले तेव्हा पेटीवर चादर होती. नंतर फोनवर आम्ही फक्त गोळ्यांबद्दल बोलायचो.

एका रविवारी कॉल लावून फोन पियानोवर ठेवला आणि मी न विचारता, चाल सोडून नुसत्या लाटा वाजवत बसले. बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "अर्धंच काऊन वाजवून राह्यली?"

"उजवा हात तुमच्याकडं आहे," मी म्हणाले. "आई, भाता ओढ."

चादर निघाली. आईचा भाता भलत्याच वेळी हलायचा, सूर मध्येच दम सोडायचा आणि बाबा तिच्यावर खेकसायचे. कितीतरी महिन्यांनी ते खेकसणं ऐकून मला रडू आलं.

आता दर रविवारी आम्ही वाजवतो. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत त्यांना माहीत आहे, फोनवर आवाज मागून पोचतो. त्यांचा सूर येईपर्यंत मी पुढं गेलेली असते. "थांबत जा थोडीशी," बाबा म्हणतात. माझं वाजवून संपतं. खिडकीबाहेर खरा समुद्र चालूच असतो. मी डावा हात पट्ट्यांवरून न उचलता बसून राहते, कारण देऊळगावहून शेवटचा सूर अजून यायचा असतो. तेवढा वेळ मी घरी असते.