लाल मातीचा थर

लग्न होऊन लोहारा तालुक्यात आले, तेव्हा मला भूगोल शिकवायची इतकी हौस, की शाळा सुटली तरी माझा तास सुटायचा नाही. जेवताना सासरे तावडीत सापडायचे. त्यांना मी मामा म्हणते. भाकरी मोडता मोडता मी त्यांना ज्वालामुखीचे प्रकार ऐकवले. कुठं शंकूसारखा डोंगर फुटतो, राख आणि विषारी वायू गावंच्या गावं गिळतात. आपल्याकडं मात्र डोंगर नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून तप्त रस थरावर थर पसरला आणि थिजून काळा पाषाण झाला. दोन थरांच्या मधे अडकलेली माती विटेसारखी भाजून लाल झाली. मामा "व्हय, व्हय" म्हणत वरण ओरपत होते. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

घडा पालथा नव्हता, हे या उन्हाळ्यात कळलं. रानात विहीर घेतली होती. सुरुंग लावून काळा पाषाण फोडत तळ चाळीस फुटांवर गेला, तर लाल माती लागली. मामांनी तिथंच काम बंद केलं. गडी घरी गेले आणि मामा लिंबाखाली बसून राहिले. खालचा माल वर ओढणाऱ्या यारीचा मालक म्हणाला, काम नसंल तर उद्या यारी वाशी तालुक्यात दुसऱ्या विहिरीवर नेतो. यारी गेली की पावसाळ्याआधी विहीर होणं नाही, आणि पुढचं वर्ष पुन्हा टँकरमागं घागरी घेऊन पळायचं.

शाळेतून मी थेट रानात गेले. "मामा, काम का थांबवलं?"

"तूच म्हनलीस की, रसानं माती भाजली म्हनून. आजून खाली गेलो आन रस लागला तर?"

"साडेसहा कोटी वर्षं झाली, मामा. कधीच निवला तो."

"निवला असंल. पर आमच्या भुईनं बी हलायच्या आदी कुनाला सांगितलं नव्हतं."

ओठावर आलेलं हसू तिथंच राहिलं. त्र्याण्णव सालच्या भूकंपात मामांची आई आणि बहीण घराच्या भिंतीखाली गेल्या. भिंत काळ्या पाषाणाचीच होती. मामा रानात राखणीला होते म्हणून वाचले. हे मला ठाऊक होतं, तरी मी रोज ताटावर जमीन फोडत बसले होते. माझी मलाच लाज वाटली.

"मी उतरून बघते," म्हणत मी पदर खोचला आणि यारीच्या लोखंडी टोपल्यात चढले. मामांनी चपला काढल्या आणि माझ्यामागं तेही चढले.

"तुम्ही कशाला?"

"एकदा घरची मानसं खाली ऱ्हायली आन म्या वर. आता तसं न्हाय व्हायचं."

यारीवाल्यानं टोपलं खाली सोडलं. जित्याची खोड, मी मोठ्यानं थर मोजायला लागले. मामांनी डोळे गच्च मिटले होते. "बाई," ते म्हणाले, "आजच्या दिवस सुट्टी दे."

तळाशी त्यांनी लाल थरावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले. मग वर बघून यारीवाल्याला ओरडले, "उद्या कुठं जायचं न्हाय."

त्यांचा दुसरा हात मात्र वर येईपर्यंत माझ्या मनगटावर घट्ट होता.