मनोरमाने पुढे सरकवलेलं तबक

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेला बाया डोळे पुसायला पदर घेऊन येतात, आणि त्याच पदरात तोंड दाबून हसत घरी जातात. देवासमोर माणूस खरं बोलायला लागला की किस्से होणारच. सभा माझ्या घरी भरते, मोहननगरात, दुपारी तीनला. मी शाळेची पायरी चढलेली नाही. बायबलावर बोट ठेवून ठेवून अक्षरं शिकले, आणि आता आमच्या चर्चचे पाळकसाहेब वाचताना एक शब्द गाळतील तर त्यांना तिथल्या तिथे थांबवते. त्यांना ते आवडत नाही. मी त्यांच्या आवडीसाठी शिकले नव्हते.

*

सरूबाई ही आमच्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची. प्रभूची प्रार्थना आम्ही सगळ्या एकत्र म्हणतो. दोन आठवडे माझ्या लक्षात येत होतं की ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ ही ओळ आली की सरूबाई गप्प होते आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होते.

"काय वं सरू, ती ओळ विसरली का?"

"विसरली नाही मावशी. माही सून नर्सिंगच्या परीक्षेले बसून राहिली. आन मीच देवाले म्हणू, का परीक्षेत आणू नको? त्यानं ऐकलं तर?"

पाळकसाहेबांनी तिला समजावलं की ती परीक्षा म्हणजे मोह, मन घसरतं ती जागा. सरूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मग तसं छापा ना साहेब. आमी काय, छापलं ते म्हणतो."

सून पास होईपर्यंत तिने ती ओळ म्हटली नाही.

*

उपवासाच्या चाळीस दिवसांत प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कोणी चहा, कोणी मटण. मी सभेत उभी राहून जाहीर केलं की चाळीस दिवस मी कोणालाही टोचून बोलणार नाही.

सरूबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही चहाच सोडा."

मी म्हटलं, "तुझ्यासारख्या चहाडखोर बाईने मला शिकवू नये."

एवढं बोलले आणि घड्याळाकडे पाहिलं. माझा उपवास चार मिनिटं टिकला होता. पाळकसाहेब हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते म्हणाले, "आजी, आपल्या ताकदीवर टिकलं असतं, तर कृपा कशाला लागली असती?" मला राग आला, कारण बरोबर होतं.

*

मार्च संपता संपता ऊन तापलं. त्या बुधवारी विषय होता, सैतान कसा दबा धरून बसतो. दारं-खिडक्या लावून आम्ही डोळे मिटले होते. तेवढ्यात मागच्या खिडकीवर धाडकन आवाज झाला, मग खरडल्यासारखं झालं. सरूबाई ताडकन उठली, हात वर केला आणि ओरडली, "येशूच्या नावानं सांगते, निघ इथून!"

बाहेरून आवाज आला, "निघतो ना काकू, कूलरचा पंप तेवढा लावू द्या."

आमच्या पोटात हसून हसून दुखलं. मनोरमा मात्र हसली नाही. पन्नाशीची बाई, कामठीच्या एका शाळेत शिकवते, घरी सासू अंथरुणावर. ती हळूच म्हणाली, "तो बाहेर असला तर बरं असते मावशी. आत असला तर कोणाले निघ म्हणावं?"

*

तेव्हा मला उमगलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला; भाकरीचं तबक बाकाबाकावरून फिरतं. तीन महिने झाले, मनोरमा ते दोन्ही हातांनी घेत होती आणि तुकडा न उचलता पुढे सरकवत होती. मला वाटलं होतं पोट बिघडलं असेल.

सगळ्या गेल्यावर तिला थांबवलं. चहा दिला. कप हातात धरूनच ती बोलली.

"चादर बदलता बदलता मनात आलं मावशी, का देवा, हिले ने आता. दोन वर्षं झाली ती अंथरुणावर. आन तिच्या सुटकेसाठी नाही वं. माह्या झोपेसाठी. अशा हातानं मी ती भाकर कशी उचलू?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "हा तुझा गर्व आहे. तुझं पाप एवढं मोठं झालं का, की देवाची कृपा तिथपर्यंत पुरत नाही?"

वाक्य चांगलं होतं. अजूनही वाटतं. पण ते ऐकून ती उठली, कप धुऊन पालथा ठेवला आणि गेली. पुढचे दोन बुधवार ती आली नाही.

सरूबाईला कुठून तरी कळलं. ती म्हणाली, "एवढंच? मी तर दिरासाठी वर्षभर हेच मागितलं. तो अजून माह्यापेक्षा दोन पोळ्या जास्त खाते."

पाळकसाहेब मनोरमाच्या घरी जाऊन आले. तिने त्यांना सांगितलं, "सगळं समजते साहेब. हातच पुढे जात नाही." मग मी देवासमोर गुडघे टेकले. मोठे शब्द नव्हते. म्हटलं, मी बोलून बिघडवलं आहे, आता तूच बघ.

*

मेच्या पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर पाळकसाहेब मनोरमाच्या सासूला घरी प्रभुभोजन द्यायला निघाले. मी न विचारता रिक्षात बसले. म्हातारी माझ्याच वयाची. पाय गेलेले, जीभ शाबूत. मनोरमाने तिला पाठीशी उशी लावून बसवलं, तोंड पुसलं, केस सारखे केले.

साहेबांनी प्रार्थना केली. म्हातारीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. मग तबक मनोरमासमोर धरलं. ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

"काहून वं?" म्हातारीने विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

"माहं मरण मागितलं, म्हणून?"

मनोरमाने मान वर करून सासूकडे पाहिलं.

"या घराच्या भिंती पातळ हायेत. तू प्रार्थनेत माफी मोठ्यानं मागते, आन रडते त्याहून मोठ्यानं." म्हातारीने तुकड्याचे दोन तुकडे केले. त्याला वेळ लागला. "मी दोन वर्षांपासून रोज तेच मागून राहिली. त्यानं माहं ऐकलं नाही, तर तुहं एका दिवसाचं ऐकनार होता का? ये इकडे. वाक."

मनोरमा वाकली. म्हातारीने अर्धा तुकडा तिच्या तोंडात घातला, उरलेला आपल्या.

मग साहेबांकडे वळून म्हणाली, "पाहून काय राहिले? प्याला आना ना."