आईच्या नावाचा कोनाडा

नवऱ्याला हे माहीत नाही. पाळकसाहेबांनाही नाही. भाऊ सुट्टीवर आला की म्हणतो, सगळं तूच निभावलंस — तेव्हाही मी गप्पच बसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या मंडळीतले नाही.

मुंबईत आम्हा ख्रिस्ती लोकांना कबरीची जागा बहुधा कायमची मिळत नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं नातेवाइकांच्या हाती देतात. ती कबरस्तानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, वर नावाची फरशी लावायची. कुणी आलंच नाही, तर हाडं सामाईक खड्ड्यात जातात.

आईची कबर उघडणार म्हणून फोन आला. दोनदा आला. पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, भाऊ दुबईला. जायचं मीच होतं. घरातली खंबीर बाई मी — आईला शेवटची आंघोळ मीच घातली, पेटी मीच ठरवली, रडले नाही. मग गेले का नाही? बँकेत मार्चअखेर होती. पण रजा मिळाली असती — मी मागितलीच नाही. मला तिची कवटी बघायची नव्हती. चुलतभावाला पाठवता आलं असतं. पण मग सगळ्यांना कळलं असतं ना, की मी घाबरले?

महिन्याभराने गेले. तिथल्या माणसाने खड्ड्याचं झाकण दाखवलं. आता त्यातलं कोण कुठलं, कसं सांगणार, म्हणाला.

भायखळ्याला घरी आले आणि पप्पांना सांगितलं, आईला कोनाड्यात ठेवलं. मग एक रिकामा कोनाडा घेतला, फरशीवर आईचं नाव कोरून घेतलं. कामं उरकण्यात मी पटाईत.

पप्पा दर रविवारी चर्च सुटलं की टॅक्सीने तिथे जायचे. काठी बगलेत धरून रुमालाने फरशी पुसायचे, आईला घरच्या बातम्या द्यायचे. पुनरुत्थान, म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेले पुन्हा उठणार हे, त्यांच्या लेखी सकाळच्या दुधाइतकं नक्की होतं. एकदा मला म्हणाले, "मलाही ह्यातच ठेव. उठायच्या वेळी हिला शोधत फिरायला नको. हिला एकटीला रस्ता तरी ओलांडता येतो का?"

मी हसले. खरंच हसले.

शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये, त्यांना मरणाची भीती नव्हती. फक्त एवढंच विचारलं, "बेबी, ती तिथेच आहे ना?"

"तिथेच आहे," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

जाणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं — असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण त्याच्या आधी कितीतरी रविवार होते. तेव्हा काय अडलं होतं? त्यांच्या नजरेतून मला उतरायचं नव्हतं. म्हणून मी त्यांना रिकाम्या भिंतीशी बोलू दिलं.

यंदा पप्पांची कबर उघडली. ह्या वेळी गेले. हाडं स्वतःच्या हाताने पुसली, कोनाड्यात ठेवली. कवटीसुद्धा. वाटलं होतं तेवढं काही अवघड नव्हतं. फरशीवर आता दोन नावं आहेत. आत एकच माणूस.

प्रभू खड्ड्यातूनही उठवील, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, मानतेही. आई उठेल. पण पप्पा उठतील, तेव्हा आधी शेजारी बघतील.