बसमधला उभा म्हातारा

आम्ही शेवटचं बरोबर गेलो ते लंडनमधल्या हाउन्सलोच्या बाजारात, भाजीला. बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो, बायको उभी. बसली की तिच्या पायांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं. रात्र रात्र घरात चालायची. डॉक्टरच्या गोळ्या पोटात टिकत नव्हत्या.

शेजारी तो नेहमीचा गोरा म्हातारा उभा होता. रिकाम्या बसमध्येही तो दांडा धरून टाच आपटत राहायचा.

"लोकांना वाटतं मी सभ्य आहे," तो हसून म्हणाला. "माझेही पाय हिच्यासारखेच."

मग हळूच म्हणाला, गांजा घेतो. ओढला तर पाय लगेच निवतात, पण तासाभरात परत सुरू. लोण्यात शिजवून बिस्किटातून खाल्ला तर उशिरा लागतो, पण सकाळपर्यंत झोप. गांजाच्या एका जातीनं तर नुसतं डोकंच फिरलं.

"हिच्यासाठी दोन बिस्किटं आणू?"

"अहो, हो म्हणा ना," बायको म्हणाली.

"गांजेकस आहे तो. पोलीस धरतील."

"तुमची आत्या शिवरात्रीला भांग प्यायची, तेव्हा कुठं होते पोलीस?"

मी त्याला नको म्हणालो. त्याच आठवड्यात तिचं हृदय बंद पडलं. बिस्किटानं ती वाचली नसती, कळतं मला. पण एक रात्र झोपली असती.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच बस धरली. सगळ्या सीटा रिकाम्या. म्हातारा सवयीनं सरकला, तिच्यापुरती जागा केली. मी बसलो नाही. तिच्या जागी दांडा धरून शेवटच्या स्टॉपपर्यंत उभा राहिलो.