जमादारासाठी अर्धा कोयता

नवरा आबासाहेब गेला त्या वर्षी पोखर्णीच्या सारजाबाईने कोयता आढ्यात खोचला आणि आता ऊसतोडीला जन्मात जायचं नाही, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून टाकलं. त्याच्या जोडीने तिने वीस-बावीस हंगाम कारखान्यांवर काढले होते. कंबर कामातून गेली होती आणि गुडघे उठता-बसता बोलत होते. लेक देवगाव फाट्याकडे दिलेली, सुखात होती. लोकांच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला गेलं की बाईचं भागत होतं. घरात राहायला दोघंच, ती आणि जमादार.

जमादार म्हणजे कुत्रा. आबासाहेबाने शेवटच्या हंगामात कारखान्यावरच्या कुणा साहेबाच्या बंगल्यातून ते पिल्लू मागून आणलं होतं. पिवळसर रंगाचं, रुंद कपाळाचं, जातिवंत. चालायचं असं ऐटीत की आबासाहेब म्हणाला, "ह्यो तर जमादार हाय." पुढच्या पावसाळ्यात आबासाहेब गेला. मग सारजाबाईने सगळी माया कुत्र्यावर ओतली, आणि तिची माया म्हणजे खाऊ घालणं. दुसऱ्या कोणत्या रीतीने माया करायची हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेजारच्या कडूबाईची म्हैस होती. तिच्याकडचं ताक रोज सकाळी जमादारासाठी यायचं आणि तांब्याच्या जुन्या घंगाळात दिवसभर भरलेलं असायचं. घंगाळाची कल्हई कधीच उडाली होती, कल्हईवाला गावात फिरकून जमाना झाला होता. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, ते पिऊ नये, हे सारजाबाईला चांगलं ठाऊक होतं. स्वतः तिने तसलं ताक कधी तोंडाला लावलं नसतं. पण कुत्र्याला काय होतंय? कुत्र्याला सगळं पचतं, हे आपल्याकडे सगळ्यांनीच धरून ठेवलेलं आहे. त्यात मानवतच्या बाजाराला गेली की ही माळकरीण बाई इकडेतिकडे बघून खाटकाकडून बकऱ्याची कलेजी घ्यायची आणि पिशवीत मेथीखाली दडवून आणायची. जमादार तेवढ्यासाठी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचा.

गेल्या श्रावणात त्याने खाणं टाकलं. पाणी प्यायलं तरी उलटी व्हायला लागली, डोळ्यांचे कोपरे हळदीसारखे झाले. सारजाबाईने रिक्षा करून त्याला परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर अर्पिता वयाने तिच्या लेकीएवढ्या. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला आणि त्यांनी तिला समोर बसवून घेतलं.

"मावशी, खाण्यातून तांब्याचा अंश पोटात जातो. आपण तो बाहेर टाकतो. याच्या जातीत काहींना ते जमत नाही, तो लिव्हरमध्ये साठत जातो. तुम्ही याला काय काय खायला घालता?"

सारजाबाईने मोठ्या अभिमानाने सांगितलं. ताक सांगितलं, घंगाळ सांगितलं, कलेजीचं तर आवाज खाली आणून सांगितलं. डॉक्टरणीने हळूच समजावलं, की कलेजीत तांबं भरपूर असतं आणि आंबट ताक भांड्याचं तांबं ओढून घेतं.

"म्हंजी म्याच घातलं म्हना की," सारजाबाई म्हणाली.

"तुम्ही मायेनं घातलंत, मावशी. दुखणं त्याच्या जातीतच होतं."

डॉक्टरीण खोटं बोलत नव्हती. पण त्या बोलण्यातला जेवढा भाग आपल्यावर येतो तेवढाच सारजाबाईने उचलला, आणि परतीच्या सगळ्या वाटेत तिने कुत्र्याकडे बघितलं नाही.

औषध होतं. साठलेलं तांबं ओढून काढणाऱ्या गोळ्या, रोज उपाशीपोटी द्यायच्या, त्या बाहेरून मागवाव्या लागायच्या. महिनाभर एक दिवस न चुकता खुरपायला गेली तरी महिन्याच्या गोळ्या निघत नव्हत्या. सारजाबाईने घंगाळ मोडीत घातलं, पायातून उतरवून जपलेली जोडवी विकली. कडूबाई उंबऱ्यात उभी राहून बोलली, "येड लागलंय का तुला, सारजे? एवढ्या पैशात दोन शेळ्या येतेत."

"मला शेळ्या न्हाई आनायच्या."

गोळ्या संपत आल्या तसा जमादार उठून भाकरी मागायला लागला. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. तो मेला असता तर बाई रडून मोकळी झाली असती. पण तो बरा होत होता, आणि बऱ्या होणाऱ्याचं औषध बंद कसं करायचं?

दसऱ्याच्या आधी मुकादम रविकांत टोळी जमवायला गावात आला. सारजाबाईने त्याच्याकडे अर्ध्या कोयत्याची, म्हणजे एकट्या माणसाची आगाऊ उचल मागितली.

"आक्का, तुमी तर सोडलं होतं की."

"दवाखाना लागलाय."

"कोनाला?"

"घरात."

रविकांतने तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, स्वतःशीच काय ते समजला आणि पैसे दिले. त्या पैशातून तिने हंगामभराच्या गोळ्या एकदम आणून कडूबाईच्या फडताळात ठेवल्या. ज्याच्या औषधासाठी चालली होती त्यालाच टाकून जायचं होतं. निघायच्या दिवशी तिने जमादाराला कडूबाईच्या गोठ्यात बांधलं आणि मागच्या आळीने ट्रककडे गेली.

सांगलीकडच्या उसाच्या फडात पहिला महिना तिला माणसात गणायची सोय नव्हती, इतकं अंग दुखत होतं. कडूबाईचा फोन यायचा. "दिली गोळी. लय नखरे करायलंय तुझं जमादार. माझ्या हातानं खायला त्याला कमीपना वाटायलाय." सारजाबाई हसायची आणि पुन्हा आपल्या वाटणीच्या उसाच्या ओळींची पात धरायची.

पौषात फोनचा सूर बदलला. गोळी घेतो पण भाकरी खात नाही. पोट फुगायलंय. दिवसभर तुझ्या कुलूप लावलेल्या दारात पडून राहायलाय. सारजाबाईने रविकांतकडे चार दिवसांची सुट्टी मागितली.

"उचल कुठं फिटलीय, आक्का? खाडे पडतेल. कोन आजारी हाय ते तरी सांगा."

पलीकडच्या पातीवर बाराव्या दिवसाची बाळंतीण मोळ्या बांधत होती. दोन पोरं तापाने फणफणत उसाच्या पाचटावर निजली होती. त्यांच्यादेखत कुत्र्याचं नाव कसं घ्यायचं? सारजाबाई आपल्या पातीला परत गेली आणि त्या गप्प राहण्याचा तिला लगेच पस्तावा झाला, पण पुन्हा विचारायला जायची हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी फडातच फोन वाजला. "सारजे, गेला गं तो," कडूबाई म्हणाली. शेळ्यांचा हिशोब सांगणारी ती बाई हुंदके देत होती. "तुझ्या दारातच गेला. सकाळी गोळी घिऊन गेले, तर उठंना. लय गोळ्या राहिल्यात, त्यांचं काय करू?"

"राहू दे," एवढंच सारजाबाईला बोलता आलं. ती उसात खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

रविकांत धावत आला. मयत असेल तर तो माणसाला अडवत नसे, तेवढी रीत त्याने पाळलेली होती. "कोन गेलं, आक्का?"

सगळी टोळी हात थांबवून बघत होती. सारजाबाईने डोळे पुसले.

"कोनी न्हाई," ती म्हणाली.

रविकांत थोडा घुटमळला आणि निघून गेला. सारजाबाईने कोयता उचलला. उचल फिटायला अजून दोन महिने होते, आणि जमादारासाठी चारचौघांत रडायचा हक्क तिने आत्ताच आपल्या तोंडाने घालवला होता.