पायपुसण्याच्या अलीकडे

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरी सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. वर्गात मी खुर्चीवर टिकत नाही, मधल्या सुट्टीतला चहासुद्धा उभ्यानेच पिते. म्हणून असेल, आमच्या मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, स्वच्छ वर्ग स्पर्धेचं काम माझ्याच गळ्यात घातलं. ‘तुम्ही तशाही फिरतच असता मॅडम,’ ते म्हणाले.

आमची शाळा करडी गावाच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला लागून. पहिली ते सातवी. दिवस धान निसवण्याचे होते. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत पाणी आणि वाटांवर नुसता चिखल. अशा दिवसांत स्वच्छतेची स्पर्धा ज्याला सुचली, त्याचे पाय गाडीतून कधी खाली उतरत नसावेत. पण सोमवारच्या परिपाठात मोठ्या सरांनी जाहीर केलं की शनिवारी केंद्रप्रमुख येऊन सगळे वर्ग पाहतील आणि पहिल्या आलेल्या वर्गाला ढाल मिळेल. मुलं इतकी खूश झाली, की मी माझी कुरकुर गिळून टाकली आणि कामाला लागले.

मी विणकरांच्या घरात वाढले. मागाखालचा केर आमच्याकडे तसाच उकिरड्यावर जात नसे. आई तो सुपात घेऊन बोटांनी चाळायची, एखादा रेशमाचा धागा तरी सापडायचाच. ‘केर पाहिल्याशिवाय झाडलं म्हणू नये,’ असं ती म्हणायची. ती सवय मला लागली ती लागलीच. वर्ग पाहायला गेले की मी आधी केराची टोपली बघते. पेन्सिलीची टरफलं असली तर मुलं लिहीत आहेत, नुसते कुरकुऱ्यांचे कागद असले तर गुरुजी बाहेर फोनवर आहेत, इतकं तर टोपली सांगतेच.

माझ्या स्वतःच्या पाचवीने मंगळवारी कहर केला. मी यायच्या आधी त्यांनी वर्ग सारवून काढला होता, शेणाने, तोही गुळगुळीत टाइल्सवर. घरी सण आला की आई सारवते, म्हणजे स्वच्छ म्हणजे सारवलेलं, एवढा साधा त्यांचा हिशोब. वर भिंतीकडेने रांगोळी. ‘मॅडम, आता कसं घरावानी वाटते ना?’ त्यातली एक मला विचारत होती. वाटत तर होतंच. दुपारपर्यंत ते सारवण पोपडे धरून निघालं आणि सगळ्यांच्या गणवेशांना मागून चिकटलं. आम्ही हसत हसत बादल्या ओतल्या आणि ढालीचं नाव सोडून दिलं.

सातवीचं मात्र तसं नव्हतं. त्यांचं शाळेतलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ही मुलं सायकली घेऊन दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाणार, आणि जायच्या आधी त्यांना ढाल हवीच होती. दारात त्यांनी पोत्याचं पायपुसणं टाकलं आणि वर्गप्रमुख मुलगी त्याच्याजवळ उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघू लागली. फरशी अशी पुसलेली, की खिडकीचे गज तिच्यात दिसावेत. टोपली धुऊन उपडी घातलेली.

मी सातवीला हिंदी शिकवते. बुधवारी तासाला गेले, तर एक मुलगी पायपुसण्याच्या अलीकडे, बाहेर व्हरांड्यात, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली. ही पाळीकडच्या, मासे धरणाऱ्या मोहल्ल्यातली. वडील पहाटे तलावातून जाळं काढून आणतात आणि जाळ्यातले मासे सोडवायला ती आईसोबत बसते. तिथून पाळीच्या वाटेने थेट शाळेत. त्यामुळे पाय ओले, घोट्यापर्यंत गाळ, आणि अंगाला थोडा वास. धडा मोठ्याने वाचायचा असला की मी तिलाच उभं करते, कारण ती कुठे श्वास घ्यायचा ते ओळखून वाचते.

‘इथं काहून बसली?’

‘मले इथंच बरं वाटते मॅडम.’

मी तिला आत आणून बसवलं. ती भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली, आणि सगळा वर्ग पुस्तकाऐवजी तिच्या पायांखालची फरशी बघत राहिला. मी रागावले. त्यांनी माना खाली घातल्या, पण नजर फरशीवरच.

गुरुवारी ती आलीच नाही. शुक्रवारीही नाही.

‘काहून नाही येत ती?’ मी वर्गप्रमुखाला विचारलं.

‘आमी काई नाई म्हटलं मॅडम. तेच म्हणे, शनवारपर्यंत मी घरी राहतो.’

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून मला जास्तच भडकायला झालं. उपड्या टोपलीकडे माझं लक्ष गेलं. या वर्गाने झाडून काय काढलं होतं, ते मला आता कळलं.

तो दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फळ्यावर एक लिहायचं तर दुसरंच लिहीत होते. कारण होतं. या मुलीची मोठी बहीणही आमच्याच शाळेत होती. धानाच्या रोवणीच्या चार दिवसांपुरती ती घरी राहिली, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. तिचं लग्न झालं, ती आता माझ्यासमोरून मासे विकायला जाते आणि लाजून हसते. आमच्याकडे शाळा कोणी सोडत नाही, नुसतं घरी राहतात. म्हणून शाळा सुटल्यावर स्कूटीची चावी पर्समध्येच ठेवून मी पाळीने तिच्या घराकडे चालत निघाले.

तिची आई अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. मला पाहून लगबगीने उठली, खाट झाडून दिली. मी बसले नाही.

‘पोरगी शाळेत का नाही पाठवली?’

‘पाठवतो ना मॅडम. शनवार झाला का पाठवतोच. तेच म्हणे का माह्या पायानं वर्ग खराब होते. चार दिसाची त गोष्ट हाय, राहू दे म्हटलं. हिच्यामुळं नंबर गेला त पोरी हिलेच बोलतीन.’

चार दिसाची गोष्ट. तेवढ्यात घरातून ती बाहेर आली, हातात झाडू, तोंडावर ना रुसवा ना काही. ‘मॅडम, आमचा वर्ग कसा दिसून राहिला?’ तिने विचारलं. ‘पयला येते ना?’

मी तिथे भांडायला गेले होते आणि भांडायला समोर कोणीच नव्हतं. तिला कोणी हाकललं नव्हतं. आपण गेलो की वर्ग स्वच्छ होतो, हे तिचं तिलाच पटलेलं होतं, आणि वर्गासाठी तेवढं करायला ती आनंदाने तयार होती.

‘उद्या तू यायचंस,’ मी म्हटलं.

‘पण मॅडम, पाय...’

‘पायांसकट ये.’

शनिवारी सकाळची शाळा. ती आली. तेल लावून वेणी, धुतलेला गणवेश, चपला हातात. बोरिंगवर पाय घासून घासून धुतले होते, त्यामुळे ते पुन्हा ओलेच, आणि त्या ओल्या पायांनी ती पायपुसण्याच्या अलीकडे उभी. केंद्रप्रमुख शेजारच्या वर्गात पोचले होते. सातवीची मुलं श्वास रोखून बसली होती.

‘ये आत,’ मी म्हटलं.

‘वाळू द्या मॅडम. दोन मिनिटं.’

माझं डोकंच फिरलं. मी तशीच चिखलाने भरलेल्या चपलांनी पायपुसणं ओलांडून आत गेले, दारापासून फळ्यापर्यंत. चकचकीत फरशीवर माझे मातकट ठसे उमटत गेले. वर्गप्रमुखाने तोंडावर हात ठेवला. फळ्याशी पोचून मी वळले आणि म्हटलं, ‘झाली फरशी खराब. आता ये.’

ती आली. पण येताना दारामागचं फडकं तिने उचललं होतं. खाली वाकून ती माझा एकेक ठसा पुसत पुढे येऊ लागली, मागे स्वतःचा उमटला की तोही पुसायची. मी ‘राहू दे’ म्हणत होते आणि सगळा वर्ग दबक्या आवाजात म्हणत होता, ‘लवकर, लवकर, आले.’ कुणाचं ऐकायचं ते तिने ठरवलेलं होतं. केंद्रप्रमुख दारात आले, तेव्हा फरशीवर कुणाचाच पाय नव्हता, आणि ती माझ्या चपलांपाशी उकिडवी बसून होती.

सातवीचा पहिला नंबर आला. मुलं मनाने वाईट नाहीत. ‘हिनंच वाचवला नंबर,’ म्हणत त्यांनी ढाल घ्यायला तिलाच पुढे ढकललं. तिने दोन्ही हातांनी ढाल घेतली, कपाळाला लावली आणि खुदकन हसली. मीही टाळ्या वाजवल्या, पण मला त्या चपला काढून तलावात भिरकावून द्याव्याशा वाटत होत्या. घरी येऊन चपला घासल्या, स्वयंपाक केला, आणि ती आली ना, ती परत आली ना, असं रविवारभर स्वतःला बजावत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

सोमवारी ती नेहमीसारखी ओल्या पायांनी आली आणि तडक जाऊन आपल्या जागेवर बसली. तिच्या पावलांकडे कुणी पाहिलं नाही, कारण स्पर्धा संपली होती. परिपाठात मोठ्या सरांनी सगळ्यांचं कौतुक केलं आणि आता ही स्पर्धा दर महिन्याला होईल असं सांगितलं. टाळ्या झाल्या.

हिंदीच्या तासाला मी हजेरी घेत होते, तेव्हा ती उठून माझ्याजवळ आली. घरातली कामाची पाळी विचारावी, तितक्या सहज तिने विचारलं, ‘मॅडम, पुढच्या महिन्यात कोणते दिवस हायेत? आईले आताच सांगून ठेवतो. तेवढे दिवस मी घरी राहीन.’

‘पुढच्या महिन्यात स्पर्धा नाही,’ मी म्हटलं.

‘पण मोठे सर त म्हणाले.’

‘म्हणू दे.’

मी तिच्या हातात पुस्तक दिलं, वर्गाला धडा वाचून दाखव म्हणून सांगितलं, आणि हजेरी अर्धीच टाकून मोठ्या सरांच्या खोलीकडे निघाले.