लिफाफाकाकूंचं वाण

हळदीकुंकवाला वाण म्हणून कुणी लिफाफे लुटतं का? लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोत काकू लुटायच्या. तिळगुळाबरोबर एक लिफाफा, तिकीट लावलेला, वर युरोपच्या पार्लमेंटातल्या आमच्या भागाच्या खासदाराचा पत्ता लिहिलेला. आमच्यातल्या डॉक्टरांच्या बायका पाठीमागे हसायच्या. लिफाफाकाकू हे नाव तर मीच ठेवलेलं.

"स्टीलच्या वाट्या घरोघरी ढीगभर आहेत," काकू म्हणायच्या. "आपला माणूस तिकडे बसलाय, त्याला चार ओळी लिहायला काय जातं?" दर ऑक्टोबरात त्या मतदारयादीचे फॉर्म घेऊन दारोदार फिरत आणि फॉर्म भरून होईपर्यंत चहाला हात लावत नसत. एका ऑक्टोबरात माझाही त्यांनीच भरून घेतला; कॉमनवेल्थमधले म्हणून भारतीयांनाही इंग्लंडात मत देता येतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच हिवाळ्यात नवरा जर्मनीला नोकरीसाठी गेला. तो इंग्लंडात जन्मलेला, त्याला अडचण नव्हती. माझा पासपोर्ट भारतीय. माझा तिथे राहायचा परवाना तिथल्या कचेरीत अडकला आणि मी तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिले. बापाचा आवाज आला की पोरगी फोनचा रिसीव्हर चाटायची. मला ते बघवत नसे.

काकूंना कळलं तशा त्या आल्या. "माझा लिफाफा कुठाय?"

मी ड्रॉवरमधून काढला. पाठीमागे मी किराणा सामानाची यादी लिहिली होती. काकूंनी ती वाचली आणि पेन पुढे केलं.

"काकू, मी कधी व्होटसुद्धा केलेलं नाही. तो माझं का ऐकेल?"

"तू इथे राहतेस ना? मग तो तुझाही खासदार. कुणी व्होट केलं, ते तो विचारत बसत नाही."

माझी दोन पानांची रडकथा त्यांनी शांतपणे फाडली. एक पान, एकच प्रश्न, ही त्यांची शिस्त. खासदाराने खरंच जर्मनीत विचारणा केली, नवऱ्याबरोबर बायकोलाही राहू देण्याचा युरोपचा नियम दाखवला आणि मेअखेर परवाना हातात पडला.

मी घाईघाईत विमानाचं तिकीट काढलं, ते नेमकं जूनमधल्या युरोपच्या निवडणुकीच्या गुरुवारचं. काकूंचा चेहरा उतरला. "जर्मनीत तुला व्होट नाही, ठाऊक आहे ना?" एवढंच म्हणाल्या.

मला फार लाज वाटली. हीथ्रोला जाताना मी कॅब मतदानाच्या शाळेपाशी थांबवली. काकू दारातच होत्या, रेशमी साडी नेसून. मतदानाला त्या कायम तशाच यायच्या. त्यांनी मुलीला कडेवर घेतलं. "जा, सावकाश कर. मी आहे."

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू गेल्या. जर्मनीत मी अजून परकीच आहे, मत नाही. आयुष्यात मी एकदाच मत दिलं, आणि तेव्हा माझं मूल ज्यांच्या कडेवर होतं, त्यांचे आभार मानायचे विमानाच्या घाईत राहूनच गेले.